कानमंत्री आणि मागचं दार

नाट्यगृहात सगळे त्याला कानमंत्री म्हणत. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. काम साधं. विंगेत पडद्याच्या दोरीजवळ बसायचं, मांडीवर संहिता उघडी ठेवायची आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानावर घालायचा. एक, फार तर दोन. जास्त दिले तर पहिल्या रांगेला ऐकू जातात, आणि दिलेच नाहीत तर नटाला दरदरून घाम फुटतो. हे काम त्याने एकतीस वर्षं केलं. एवढ्या वर्षांत एकाही कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव छापून आलं नाही. चहावाल्याचं एकदा आलं होतं, तेही चुकून. त्या पत्रिकेला कानमंत्र्यानेच हौसेने चौकट करून दिली.

दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात जळून खाक झाला असता. हा मात्र जात्याच आभारी माणूस. विसाव्या वर्षी तो नट व्हायला म्हणून आला होता. पहिल्याच प्रयोगात त्याची बोबडी वळली आणि त्याच्यासाठी मधेच पडदा पाडावा लागला. दुसरीकडे त्याला हाकलून दिलं असतं. इथे त्याला विंगेतली जागा मिळाली. 'ज्याची स्वतःची अशी फजिती झाली, तो दुसऱ्याची होऊ देणार नाही,' असं तेव्हा मास्तर म्हणाले होते. मास्तर म्हणजे दिग्दर्शक. ते वाक्य कानमंत्री आयुष्यभर विसरला नाही.

त्या नाटकमंडळीत एक पद्धत होती. ज्याला शब्द मिळाला तो नट आत येताना कानमंत्र्याच्या स्टुलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करी. प्रवेश चालू असताना बोलायची सोय नसे, म्हणून आभार असे मानायचे. नट कितीही मोठा असो, टकटक चुकवली तर मास्तर त्याची बिनपाण्याने करत.

आणि ते स्टूल! ते जावईबापूंनी केलं होतं. जावईबापू म्हणजे कानमंत्र्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर कामाला. लग्नानंतर तो पहिल्यांदा नाटकाला आला आणि दुसऱ्या अंकात बसल्या बसल्या डाराडूर झोपला. प्रयोग संपल्यावर आत येऊन म्हणतो कसा, "दादा, तुमच्या राजाच्या मरणानं माझी झोप मोडली नाही, तुमच्या स्टुलाच्या कुरकुरण्यानं मोडली. ते आधी बदला." पुढच्याच आठवड्यात कारखान्यातल्या टाकाऊ फळ्यांचं नवं स्टूल घेऊन स्वारी हजर. पायांना जुन्या टायरचं रबर आणि बाजूला दिवा अडकवायला एक खांब. चौदा वर्षांत ते स्टूल एकदाही कुरकुरलं नाही.

बहिणीला विंग नवी नव्हती. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळा सुटली की ती दादाच्या पायाशी बसून, त्याच्या दिव्याच्या उजेडात गणितं सोडवी. प्रयोग चालू असताना तोंड मिटून बसायची तिला तेव्हापासूनची सवय. कोणत्या नटाने किती वेळा टकटक केली याचा हिशोब ती वहीच्या मागच्या पानावर ठेवी आणि घरी जाताना दादाला चिडवी, "आज राजाची सात वेळा दांडी उडाली!"

राजे म्हणजे मंडळीतले मुख्य नट. एका जुन्या, नावाजलेल्या शोकांतिकेत त्यांनी अठरा वर्षं राजाचं काम केलं होतं आणि आता चहावालासुद्धा त्यांना राजे म्हणे. नाटकातला राजा गर्विष्ठ असतो. शत्रू चालून येतो तेव्हा तो कुणाचंही न ऐकता नगराची वेस बंद करायला लावतो. बाहेर त्याचा मुलगा असतो आणि वेशीवरचे चार पहारेकरी असतात. सगळे मरतात. मग राजाला आपली चूक कळते आणि तो बावीस मिनिटं आक्रोश करत मरतो. त्या बावीस मिनिटांत नाट्यगृहातले रुमाल ओले होत. मास्तर दर नव्या नटाला तेच समजावत, की शोकांतिकेत माणूस स्वतःच्या एखाद्या खोटीमुळे कोसळतो आणि ती खोट सापडली की नाटक सापडलं.

कानमंत्र्याची विद्या वेगळी होती. स्टेजवर दोन प्रकारची शांतता असते, तो म्हणे, घेतलेली आणि पडलेली. घेतलेल्या शांततेत नटाला पुढचं ठाऊक असतं, तो फक्त थांबलेला असतो. तेव्हा शब्द दिलात तर त्याचा खून केल्यासारखं होतं. पडलेल्या शांततेत मात्र तो बुडत असतो. ओळखायचं कसं? तर बोटांवरून. शब्द विसरला की नटाची बोटं आधी चुळबुळतात, चेहरा नंतर. विंगेतून बाजूने बोटं स्वच्छ दिसतात. एकतीस वर्षांत त्याची अशी चूक एकदाही झाली नव्हती.

कारखान्याला आग लागली ती दुपारी, पावणेतीनला. कानमंत्री तालमीत होता. चौघे गेले, त्यांत जावईबापू. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर नऊ ओळी होत्या, शेजारी गाद्यांची जाहिरात. कानमंत्र्याने त्या ओळी मोजल्या, कारण ओळी मोजणं हाच त्याचा धंदा. राजाच्या मरणाच्या प्रवेशाला दोनशे बारा ओळी होत्या.

चौघेही मागच्या जिन्यावर सापडले. आग विझवणाऱ्यांना त्या जिन्याचं दार चौकटीसकट तोडावं लागलं होतं, त्यामुळे त्याला कुलूप होतं की कडी हे सांगणारं काही उरलं नव्हतं. कारखान्याच्या वकिलाने चौकशीत सांगितलं की दार उघडंच असायचं. मृतांपैकी यंत्रावरचा कामगार, म्हणजे जावईबापू, तिथे चोरून विडी ओढायला जाई. मुकादमाला दिसू नये म्हणून त्यानेच आतून कडी लावली असणार, धुरात ती निघाली नाही आणि त्याच्यामुळे बाकीचे तिघेही अडकले. जावईबापूंनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. पण हे सांगणार कोण, बायको आणि मेहुणा? घरच्यांचं कोण ऐकतं!

पण एक गोष्ट होती. कामगारांचे मोबाइल फाटकावर जमा करून घ्यायचा तिथे नियम होता. त्या दिवशी जावईबापूंनी विनवणी करून आपला मोबाइल जवळ ठेवला होता, कारण त्यांची मुलगी तापातून उठून पहिल्यांदाच शाळेत गेली होती. जिन्यावरून त्यांनी बायकोला फोन केला. चाळीस सेकंद. त्या मोबाइलवरून झालेल्या तेवढ्या एकाच फोनची नोंद होती, पण काय बोलणं झालं ते फक्त तिला ठाऊक होतं. मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद केलंय, असं तो म्हणाला होता. दादाला तिने हे त्याच रात्री सांगितलं होतं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता.

म्हणजे सगळी भिस्त तिच्या साक्षीवर. साक्ष टिकली नाही तर सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं की या माणसाच्या बेफिकिरीने चार जीव गेले. अकरा वर्षांच्या भाचीला पुढे कधी तरी तो कागद वाचावा लागणार होता. बाकीच्या तिघांच्या घरचेही तो वाचणार होते.

साक्षीच्या दिवशी खोलीत एक लांब टेबल होतं, त्यामागे चौकशी अधिकारी बाई. समोर साक्षीदाराची खुर्ची आणि खुर्चीच्या मागे बसायची बाकं. कानमंत्री पहिल्या बाकावर बसला. त्याला बहिणीची फक्त पाठ दिसत होती.

ती नीट बोलत होती. किती वाजता फोन आला, कुठे उभी होती, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मी फोन उचलला. आणि तो म्हणाला..."

आणि थांबली.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. कानमंत्र्याने सवयीने तिची बोटं शोधली, पण मधे खुर्चीची पाठ. एक, दोन, तीन, चार. वकील घड्याळाकडे बघत होता. पाच, सहा. त्याला ती नऊ वर्षांची, गणितात अडलेली दिसायला लागली आणि त्याच्या तोंडून, एकतीस वर्षांच्या सफाईने, शब्द गेले.

"मागचं दार."

त्याची कुजबूज बरोबर आठ फुटांवर पोहोचे. दुर्दैवाने वकील सहा फुटांवर बसला होता. तो ताडकन उठला.

"मॅडम! साक्षीदाराला मागून पढवलं जातंय!"

"कोण बोललं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

कानमंत्री उभा राहिला. "मी. मी भाऊ आहे तिचा."

"काय काम करता आपण?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण ते त्याला कधी जमलं नाही. "नाटकात अडलेल्या नटांना शब्द देतो."

"घ्या!" वकील म्हणाला. "यांचा धंदाच हा आहे. मॅडम, ही साक्ष बाद करा. आणि यांनी कोणते शब्द सांगितले ते जसेच्या तसे लिहून घ्या, अशी माझी विनंती आहे."

बाईंनी लिहून घेतलं, 'मागचं दार'. मग पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "परवा सकाळी साक्ष पुन्हा, पहिल्यापासून. तोवर भावाने आणि बहिणीने एकमेकांशी बोलायचं नाही. आणि परवा हे गृहस्थ मला या खोलीत दिसता कामा नयेत."

बहिणीने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

ते दोन दिवस कानमंत्र्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. एकतीस वर्षांत जी चूक केली नाही ती नेमकी सख्ख्या बहिणीच्या बाबतीत करून बसलो, आपल्या हाताने तिच्या पायावर धोंडा पाडला, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. दुसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर तो मास्तरांसमोर जाऊन उभा राहिला.

"मास्तर, तुम्ही म्हणता शोकांतिकेत माणसाची खोट शोधावी. मी माझ्या मेहुण्यात शोधतोय. जरा जास्त घोरायचा. नाटकात झोपायचा. यापलीकडे सापडत नाही हो."

मास्तरांनी चष्मा काढला.

"आपल्या नाटकात खोट कुणात आहे?" त्यांनी विचारलं.

"राजात."

"राजा काय करतो?"

"वेस बंद करतो."

"मग तू पहारेकऱ्यांत काय शोधतोयस, वेड्या? त्या वकिलानं तुलाही कामाला लावलं."

कानमंत्री रिकाम्या स्टेजवर येऊन उभा राहिला. वेशीवरचे चार पहारेकरी. इतक्या वर्षांत त्याने त्यांना एकदाही शब्द दिला नव्हता, कारण त्यांना एकही वाक्य नव्हतं. एक दूत येऊन सांगे, 'वेशीवरचे चौघेही पडले महाराज,' की संपलं त्यांचं काम. आतापर्यंत त्याला, आणि रुमाल ओले करणाऱ्या सगळ्यांना, दुःख झालं होतं ते दार बंद करणाऱ्याचं. आणि नाटकातला राजा निदान रडतो तरी. कारखान्यात दार बंद करणाऱ्याने वकील पाठवला होता. कानमंत्र्याला राग आला. या सगळ्या प्रकरणात त्याला राग आला तो पहिल्यांदा तेव्हा, आणि रागाने त्याला जरा बरं वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी तो त्या कचेरीच्या बोळात आला, तर तिथे बसायला काहीच नाही. बाकं सगळी आत. तो भिंतीला टेकून उभा होता, तेवढ्यात राजे आले. साध्या शर्टपँटमध्ये, पण चालणं अठरा वर्षांचं राजाचं. दारावरचा शिपाई आपोआप उठून उभा राहिला. राजांच्या खांद्यावर ते स्टूल होतं.

"तुमचं सिंहासन," ते म्हणाले. "किती वेळ लागेल कोण जाणे. उभं कशाला राहायचं?"

राजांनी अठरा वर्षांत स्वतःचा डबासुद्धा कधी उचलला नव्हता. कानमंत्री स्टुलावर बसला. त्याच्या पाठोपाठ मास्तर आले, चहावाला आला, ते चौघे पहारेकरी आले. सगळे भिंतीला लागून गुपचूप उभे राहिले.

खोलीचं दार फुगलेलं होतं, ते कधी नीट लागत नसे. शिपाई रोज त्यात घडी केलेला कागद कोंबून ते दाबून बसवी. आज त्याने स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं, कागद हातात घेतला आणि तसाच खिशात ठेवला. बोटभर फट राहिली.

बहिणीचा आवाज येऊ लागला. किती वाजता फोन आला. कुठे उभी होती.

"मी फोन उचलला. आणि तो म्हणाला..."

पुन्हा तीच शांतता. आज तर बोटंच काय, पाठही दिसत नव्हती. कानमंत्र्याच्या ओठांवर शब्द येऊन थांबले. त्याने हात तोंडावर दाबून धरला. राजांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सात, आठ, नऊ. देवा, ती बुडतेय की थांबलीय? दहा. अकरा.

"तो आधी म्हणाला, पोरगी आली का गं शाळेतून?"

कानमंत्र्याने हात तोंडावरून खाली घेतला. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मी म्हटलं, आत्ता येईल, तिची गाडी कोपऱ्यावर दिसतेय. तो म्हणाला, बरं झालं. तिला जेवायला घाल, माझ्यासाठी थांबू नका. मग म्हणाला, मागचं दार बाहेरून बंद केलंय. ओढलं की कुलूप वाजतंय. आम्ही चौघं आहोत. म्हणाला, ठेवतो आता, या तिघांनाही घरी बोलायचंय. आणि फोन बंद झाला."

आत कुणी तरी खाकरलं. मग वकिलाचा आवाज आला. "परवा तुमच्या भावाने तुम्हाला वेगळे शब्द दिले होते. 'मागचं दार'. आज मधेच हे मुलीचं कुठून आलं?"

"दादाला ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. परवा मी काही विसरले नव्हते. ते सगळ्यांसमोर कसं सांगायचं म्हणून थांबले होते."

कागदांची सळसळ झाली. मग अधिकारी बाई सावकाश म्हणाल्या, "वकीलसाहेब, ते शब्द तुम्हीच आग्रहाने लिहून घ्यायला लावलेत. ही साक्ष पढवलेली असती तर परवाचे शब्द घेऊनच सुरू झाली असती. मी ती ग्राह्य धरते."

पुढचं थोडक्यात. दीड महिन्याने अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की मागील दार बाहेरून कुलूपबंद होते आणि मृत कामगारांपैकी कोणाचाही कसलाही दोष नाही. भाचीने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, अडखळली नाही. आणि नाटकात एक बदल झाला. प्रयोग संपल्यावर अभिवादनाला सगळ्यांत आधी ते चार पहारेकरी पुढे येतात आणि राजा त्यांच्या मागे उभा राहतो. ही कल्पना राजांची. प्रेक्षकांना ती कळत नाही, पण टाळ्या ते वाजवतात. कानमंत्री विंगेतून बघतो आणि या एवढ्या माणसांचं ऋण आपण कधी, कसं फेडणार, असं त्याला दरवेळी वाटतं.

त्या दिवशी बोळात मात्र त्याला मान वर करवेना. दार उघडून बहीण बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर खोचलेला. भिंतीला लागून उभी असलेली सगळी मंडळी तिने पाहिली. मग ते स्टूल पाहिलं, नवऱ्याने स्वतःच्या हाताने रंधा मारून गुळगुळीत केलेलं. ती जवळ आली आणि बोटाच्या पेराने तिने खांबावर दोनदा टकटक केली.

"अगं," तो कसाबसा म्हणाला, "आज मी काहीच दिलं नाही तुला."

"माहितीये दादा," ती म्हणाली. "त्याचेच आभार आहेत हे."